माझा पाय की गाडी

आमची गाडी चालताना कधी बंद पडली नाही. बंद पडायची ती उभी असताना. सिग्नल लाल व्हायचा, मी थांबायचो, पंधरा-वीस सेकंद जायचे आणि इंजिनाचा आवाज खाली खाली जाऊ लागायचा. स्टिअरिंग हातात थरथरायचं. आरपीएमचा काटा दमलेल्या माणसासारखा बसकण मारायचा, आणि सगळं गप्प. मग मागून हॉर्न. मी घाईघाईनं किल्ली फिरवायचो. गाडी लगेच सुरू व्हायची, काही झालंच नाही अशा थाटात.

महिनाभर हे चाललं होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. त्या कामात एक खोड लागते. ओळीत काही खटकलं की आधी आपलाच डोळा चुकला असं धरायचं, पुन्हा वाचायचं, कोश उघडायचा, आणि मग कुठे भीत भीत समासात खूण करायची. गाडीचंही मी तसंच केलं. वय बहात्तर. डावा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतो. सिग्नलला मी गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवतो, क्लच दाबून, म्हणजे हिरवा झाला की मागच्यांना माझ्यामुळे खोळंबायला नको. तो डावा पाय आपल्या नकळत थोडा सुटत असणार, क्लच अर्धवट धरत असणार आणि इंजिन बिचारं गुदमरत असणार. मला हे इतकं पटलं होतं की गाडीकडे संशयानं पाहणंही मला अन्यायाचं वाटे.

मग एका गुरुवारी रात्री लेक बरोबर असताना ते झालं. मोठ्या इस्पितळासमोरच्या चढावर सिग्नल लागला. मागे पाण्याचा टँकर. गाडी बंद पडली, मी सुरू केली, ती पुन्हा बंद पडली. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. टँकरवाला खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि आत बघून नुसतंच म्हणाला, "असू दे आजोबा, होतं असं." त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

घरी पायऱ्या चढताना लेक म्हणाली, "कधीपासून?"

"महिना झाला."

"किती वेळा?"

"चौदा. आजची धरून पंधरा. दोन मोजल्या तर सोळा."

"बाबा! मोजताय काय? सांगायचं नाही का?"

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तिनं स्वतः गाडी नेली, तासभर गावभर फिरवली आणि परत आणून लावली. एकदाही बंद पडली नव्हती. ती माझ्यासमोर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती हे मला दिसत होतं.

"मला हे बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "पण माझ्या हातात ती बंद पडत नाही."

"हो."

"गॅरेजमध्ये दाखवू. गाडीत काही सापडलं तर प्रश्नच मिटला. पण नाही सापडलं तर—"

"तर किल्ली मी तुला देईन," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारी संध्याकाळी. मागायला लावणार नाही."

किल्ली द्यायला माझी हरकत नव्हती. मला कुठे जायचं असतं? वाचनालय पायी दहा मिनिटांवर आहे. पण गुरुवार अक्काचा असतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. ती टेकडीवरच्या वृद्धनिवासात राहते. तिकडे बस जात नाही. भाड्याची गाडी बोलावली तर अक्काला खोलीपासून फाटकापर्यंत यायला जी वीस मिनिटं लागतात तेवढं कोणी थांबत नाही. लेकीला कामातून जेमतेम एक सुट्टी मिळते, तीही ठरलेली नसते. म्हणून दर गुरुवारी मी अक्काला घरी आणतो. आम्ही दोघं खिडकीपाशी समोरासमोर पुस्तकं घेऊन बसतो. मी मनात वाचतो. ती वाचता वाचता लेखकाशी मोठ्यानं भांडते. संध्याकाळी मी तिला परत सोडतो. गुरुवारी ती सकाळी सातपासून मांडीवर पर्स घेऊन तयार बसलेली असते, असं तिथल्या परिचारिकेनं मला एकदा सांगितलं होतं. मी अकराला जातो.

सोमवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. ते गॅरेज एक बाई चालवतात. पन्नाशीच्या, कमरेला कापडाची पिशवी, तिच्यात टॉर्च आणि खडू. गाडी हयगयीनं वापरणाऱ्याला त्या सगळ्यांदेखत झापतात, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. मी त्यांच्या हातात माझी वही ठेवली. सोळाही वेळांची नोंद होती. तारीख, वेळ, रस्ता, चढ की उतार, टाकीत पेट्रोल किती, पंखा चालू की बंद, आकाश कसं.

"आकाश?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हटलं, उपयोगी पडलं तर."

"काका, लोक येऊन सांगतात, 'गाडी कशी तरीच करते.' तुम्ही निबंध आणलात." पण त्यांनी तो नीट वाचला, दोनदा, बॉनेटवर वही टेकवून.

मग त्या कामाला लागल्या. इंजिन सुरू करून नुसत्याच उभ्या राहिल्या, कान देऊन. काटा आठशेवर स्थिर होता. हवा आत जाते तिथली झडप उघडून त्यांनी पुसली. फडकं काळंकुट्ट झालं आणि मला आशा वाटली. प्लग काढून बघितले. रबरी नळ्यांच्या सांध्यांवर एक फवारा मारत गेल्या. कुठे चीर असली तर फवारा आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो, असं म्हणाल्या. आवाज बदलला नाही. शेवटी स्वतः गाडी घेऊन बाहेर पडल्या, अर्ध्या तासानं परत आल्या.

"सहा सिग्नल घेतले. मस्त उभी राहते. उद्या या, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

परीक्षा म्हटली की मला आजही धडकी भरते. घरी येऊन मी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं आणि सिग्नलला कसं थांबावं याचं पान वाचलं. गाडी न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा, दोन्ही पाय मोकळे ठेवावेत. मी इतकी वर्षं यातलं काहीच करत नव्हतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका चढावर हँडब्रेकवर विसंबलेली माझी गाडी वीतभर मागे सरकली होती आणि मागच्या गाडीतल्या गृहस्थानं मला जे ऐकवलं ते मला अजून तोंडपाठ आहे. तेव्हापासून माझा त्या दांडीवर विश्वास नाही. पण ही माझी वाईट सवय झाली. ती दुसऱ्याला दाखवायची नसते. मी पान पुन्हा वाचलं आणि दिवाणखान्यात खुर्चीत बसून तीनदा सराव केला.

मंगळवारी मी अगदी पुस्तकाबरहुकूम गाडी चालवली. प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल, हँडब्रेक, पाय जमिनीवर. मास्तरीणबाई काट्याकडे बघत होत्या. काटा आठशेवर. दोन तासांत एकदाही गाडी बंद पडली नाही, आणि मला, खोटं कशाला सांगू, पास झाल्याचा आनंद झाला. तो गॅरेजच्या दारापर्यंतच टिकला.

"गाडीत दोष नाही, काका," मास्तरीणबाई म्हणाल्या. हे सांगताना त्या हात पुसत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. "म्हणजे मला तरी सापडत नाही. हवं तर दोन दिवस ठेवा."

"गुरुवारी सकाळी नेतो," मी म्हणालो. "गुरुवारी लागते."

गुरुवारी गाडी घेतली आणि टेकडीकडे निघालो. पहिल्याच सिग्नलला ती बंद पडली. मागे फक्त एक सायकलवाला होता, त्यालाही घाई नव्हती, म्हणून मी जरा वेळ तसाच बसलो. आता उलगडा झाला होता. मास्तरीणबाई चालवतात, लेक चालवते, नीट लक्ष दिलं तर मीसुद्धा चालवतो, तेव्हा गाडी ठीक. मी माझ्या नेहमीच्या तंद्रीत असलो की ती बंद पडते. म्हणजे दोष तंद्रीत. म्हणजे माझ्यात. वहीत पुढची नोंद करायलाही मी पेन काढलं नाही.

अक्काला मी फाटकापाशीच सांगून टाकलं. तिनं पर्स मांडीवर ठेवली, पट्टा लावून घेतला आणि पुढे बघत म्हणाली, "म्हणजे आज शेवटचं?"

"लेक आणेल तुला अधूनमधून."

"ती कशी आणेल? तिला स्वतःला जेवायला वेळ नसतो." मग थोड्या वेळानं, "धाकट्या, तू तोंड असं करून चालवू नकोस. मला वाटतं मीच मेले."

गॅरेजच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लागला. मी थांबलो. अक्का बोलत होती, तिच्या शेजारणीनं एका कादंबरीचा शेवट कसा फोडला ते. इंजिनाचा आवाज उतरू लागला. मी डोळे मिटले. गाडी बंद पडली.

"हे काय हे?" अक्का म्हणाली. एरवी बोलण्याच्या नादात तिला ते कधी कळलं नव्हतं.

"हेच ते."

"आणि त्या बाईला हे सापडलं नाही?"

"गाडीत काही नाहीच अक्का. माझा पाय—"

"कुठे आहे तिचं दुकान? हे समोरचं? वळव."

"अगं, त्यांनी तीन दिवस—"

"वळव म्हणते ना!"

एक्क्याऐंशीव्या वर्षीही ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. मी वळवली.

मास्तरीणबाई एका गाडीखालून बाहेर आल्या. अक्कानं आपलं दार उघडलं, पण उतरली नाही. गुडघ्यांमुळे ती दरबार बसल्या जागीच भरवते.

"अगं, तूच का ती मास्तरीण? आत्ता त्या चौकात बंद पडली ही. माझ्या डोळ्यांदेखत."

"आजी, मी स्वतः फिरवली. काकांबरोबर बसूनही फिरवली. कुठेच—"

"याच्याबरोबर बसलीस तेव्हा यानं काय केलं सिग्नलला?"

"काय करणार? न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, पाय काढले."

अक्का माझ्याकडे वळली. मला ती नजर ठाऊक आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मी स्वतः केली होती तेव्हाची आहे ती.

"हँडब्रेक? यानं? अगं, हा गेली कित्येक वर्षं ब्रेकवर असा पाय रोवून बसतो, जणू उचलला तर गाडी पळून जाऊन दुसरं लग्न करील!"

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"काका, खरं?"

"हो. म्हणजे एरवी."

"सबंध सिग्नल? जोरात?"

"बराच जोरात."

"मग मंगळवारी का नाही तसं केलंत?"

"ते चुकीचं आहे," मी म्हणालो. "पुस्तकात दिलंय. म्हटलं, तुमच्यासमोर तरी..."

"काका, डॉक्टरकडे जाताना खोकला घरी ठेवून जाता का तुम्ही?"

"जातो हा," अक्का म्हणाली. "लहानपणीही जायचा."

मास्तरीणबाईंनी मला गाडी सुरू करायला लावली. त्या माझ्या बाजूचं दार उघडून खाली उकिडव्या बसल्या आणि डोकं जवळजवळ माझ्या बुटापाशी आणलं. मला फार संकोच वाटला. बूट पॉलिश केले नव्हते.

"आता नेहमीसारखे बसा. मी नाहीच इथे. लाल सिग्नल लागलाय. दाबा ब्रेक."

मी दाबला.

"नेहमीसारखा, काका!"

मी रोवला. मास्तरीणबाईंनी गॅरेजमधल्या दोघांना ओरडून हातोडे थांबवायला सांगितलं. शांतता झाली आणि मग मलाही ते ऐकू आलं. माझ्या पायाच्या पलीकडून, आतून कुठून तरी, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा बारीक फुस्स आवाज. काटा सातशेवर आला. सहाशे. स्टिअरिंग थरथरू लागलं.

"धरून ठेवा. सोडू नका."

पाचशे. गाडी बंद पडली. इतके दिवस हा क्षण आला की मी घाईघाईनं किल्लीकडे धावायचो. त्या दिवशी मास्तरीणबाई खालून ओरडल्या, "सापडलं!" आणि उठताना त्यांचं डोकं दाराला आपटलं.

त्यांनी बॉनेट उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेखालच्या भिंतीला लागून, पत्र्याचा एक मोठा गोल काळा डबा आहे. तिथून इंजिनाकडे एक जाड रबरी नळी जाते. ती नळी त्यांनी चिमट्यात घट्ट आवळली. "आता परत. सुरू करा, दोनचार वेळा ब्रेक मारा, मग दाबून धरा."

या खेपेला ब्रेक दगडासारखा लागला. मी सगळ्या ताकदीनं दाबला. काटा आठशेवर होता. मी मनात साठपर्यंत आकडे मोजले, मग पुन्हा एकपासून. काटा आठशेवरच होता.

"झालं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या इकडे, दाखवते. हा डबा ब्रेकला मदत करतो. इंजिन या नळीतून त्यातली हवा खेचत असतं, त्या जोरावर तुमचा पाय हलका होतो. आत रबराचा पडदा असतो. तो फाटलाय. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा येते. ती तिथेच थांबायला हवी, पण फाटक्यातून शिरते ती थेट इंजिनात. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. मग ते मरतं. पाय काढला की हवा बंद, इंजिन ठणठणीत."

"मग तुम्ही चालवलीत तेव्हा?"

"मी थांबते, हँडब्रेक ओढते, पाय काढते. तुमच्या लेकीलाही क्लासमध्ये तेच शिकवलं असणार. तेवढ्यात काटा जरासा हलत असेल, कोण बघतं? नळ्या तपासल्या तेव्हा माझाही पाय ब्रेकवर नव्हता. चूक माझी. हे मी पहिल्या दिवशी बघायला हवं होतं." हे शेवटचं त्या जरा हळू म्हणाल्या.

मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. "म्हणजे माझा पाय..."

"कुठला?"

"डावा. क्लचवरचा. मला वाटत होतं सुटतो."

"डाव्याचा काही संबंध नाही. आणि उजवा म्हणाल, तर एवढा वेळ एवढ्या जोरानं मला धरवणार नाही." मग त्यांना जणू मी काय विचारतोय ते उमगलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काका, दोष गाडीत आहे. तुमच्यात नाही. लिहून देऊ का?"

"नको, नको," मी म्हणालो. खरं तर हवं होतं.

मी चष्मा काढून पुसत बसलो. तो पुसण्याइतका खराब नव्हता. सोळा वेळा, नव्हे अठरा वेळा, मी जे माझ्या खात्यावर मांडलं होतं ते एका फाटक्या रबराचं निघालं होतं. छातीवरून कोणी तरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. अक्का गाडीतून म्हणाली, "वहीत आकाश लिहिलंस आणि पाय लिहिला नाहीस!"

"तो डबा आणखी फाटला असता," मास्तरीणबाई तिला सांगत होत्या, "तर उतारावर ब्रेक असा दगड झाला असता. तुमच्या टेकडीच्या उतारावर, आजी. यांनी पाय रोवला म्हणून वेळेत कळलं." या बोलण्यावर माझा अजूनही पुरता विश्वास बसलेला नाही. त्या मनानं चांगल्या आहेत, मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

नवा डबा यायला दोन दिवस लागणार होते. गाडी तिथेच ठेवली आणि त्यांनी आम्हा दोघांना गॅरेजच्या गाडीतून घरी सोडलं; संध्याकाळी अक्काला टेकडीवरही पोचवते म्हणाल्या. घरी पोहोचताच मी लेकीला तिच्या कामाच्या ठिकाणी फोन केला. असा मी कधी करत नाही, म्हणून ती घाबरूनच "काय झालं?" म्हणाली. मी डबा, पडदा, नळी सगळं सांगितलं. बहुधा फार तपशिलात सांगितलं.

"थांबा, थांबा. म्हणजे तुमचं काही नव्हतं?"

"मास्तरीणबाई तरी तसं म्हणतात."

मग ती म्हणाली, "मी आठवडाभर झोपले नाहीये, बाबा. तुमच्याकडून किल्ली कशी घ्यायची, कुठल्या तोंडानं, याचीच तालीम करत होते."

"तुझं बरोबरच होतं."

"बरोबर असून काय करायचं होतं मला?" ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

शनिवारी गाडी आली. पुढच्या गुरुवारी लेकीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं तिला. संध्याकाळी अक्काला सोडायला निघालो तेव्हा ती मागच्या सीटवर बसली, दोन सीटच्या मधोमध पुढे वाकून, काट्यावर डोळे ठेवून. पहिल्या सिग्नलला मी ब्रेक रोवला. आठशे. दुसऱ्याला आठशे. इस्पितळासमोरच्या चढावर सिग्नल चांगलाच लांबला. आम्ही तिघंही काट्याकडे बघत होतो. इंजिन मात्र पुस्तक वाचणाऱ्या माणसासारखं आपल्याच नादात होतं.

"आता मागे टेकून बस गं," अक्का तिला म्हणाली. "मानेवर श्वास लागतोय माझ्या."

लेक मागे टेकली. टेकडीचा रस्ता सुरू झाला, अक्काचं बोलणं सुरू झालं. फाटकापाशी गाडी थांबवली आणि मी आरशात बघितलं, तर लेकीची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

मी किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," अक्का कुजबुजली. तिला कुजबुजताना मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. "बंद केलीस की जागी होईल. आवाज थांबला की पोरं उठतात."

"पेट्रोल जळतंय."

"जळू दे."

मग आम्ही दोघं फाटकासमोर तसेच बसून राहिलो. माझा पाय ब्रेकवर होता. आतून परिचारिका दोनदा डोकावून गेली. अक्कानं तिला हातानंच थांब म्हणून सांगितलं.